पाहिले, सही, तारीख

सोमवार, ४ मार्च. सकाळी १०.२०

मी निलंबित नाही, रजेवर आहे. हेडक्लार्कने आत्ताच फोनवर दुजोरा दिला. त्याचे शब्द: साहेब, कागदावर निलंबन असंच टाइप झालंय, पण तुम्ही रजा समजा, तब्येतीला बरं. मी रजा समजतो.

घटनाक्रम, नंतर आठवणीत गफलत नको म्हणून: गेल्या गुरुवारी दुपारी तीनला वाचनालयाचा पोटमाळा खाली आला. चौदा कपाटे, पुस्तकांसकट. खाली काउंटरवरच्या बाई बसलेल्या. त्यांचे खुब्याचे हाड मोडले. बाकी कोणाला ओरखडा नाही, कारण तीन ही वाचकांची झोपेची वेळ.

त्या पोटमाळ्याच्या तपासणीच्या फाइलवर जानेवारीतल्या दोन सह्या आहेत. पहिली आमच्या कनिष्ठ अभियंता बाईंची: पाहिले, सही, तारीख. तिच्या शेजारी माझी: पाहिले, सही, तारीख. यात एक बारीक मुद्दा आहे, तो बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. तिचे 'पाहिले' म्हणजे तिने पोटमाळा पाहिला. माझे 'पाहिले' म्हणजे तिने 'पाहिले' लिहिल्याचे मी पाहिले. मी कागद पाहिला. कागद उत्तम होता. समास सोडलेला, अक्षर सुवाच्य. तो कागद अजूनही पडलेला नाही.

लेखी खुलासा पंधरा दिवसांत द्यायचा आहे. मला एक सकाळ पुरे.

संकल्प: उद्या सकाळी खुलासा. परवापासून फिरायला जाणे. रजेत चिडायचे नाही.

मंगळवार, ५ मार्च. सकाळी ११

खुलासा लिहायला जेवणाचे टेबल लागते. टेबलावर धुतलेले कपडे. घड्या कपाटात ठेवायला गेलो तर कपाटावर ती पेटी.

पेटी दोन वर्षे तिथे आहे. माझ्या नोकरीला पंचवीस वर्षे झाली तेव्हा ऑफिसने दिली. खेळण्यातल्या विटांची इमारत. कोपऱ्यावरची, तीन मजली, तीन हजार एकशे बारा तुकडे. निवड टेपची. टेप म्हणजे त्याच कनिष्ठ बाई. पर्समध्ये कायम मोजायची टेप. नवीन असताना एकदा कँटीनचा दरवाजा मोजून म्हणाली, सर, हा आपल्याच नियमात बसत नाही. तेव्हापासून टेप. नाव मीच ठेवले, ऑफिसात फार चालले. मी तिला कधीतरी चहा पिताना बोलून गेलो होतो की मला लहानपणी इमारती काढायच्या होत्या, तपासायच्या नव्हत्या. ते तिने लक्षात ठेवले. तिची हीच खोड. सगळे लक्षात ठेवते.

पेटीवर 'वय १८ च्या पुढे' असे छापले आहे. म्हणजे जबाबदार माणसाचे काम.

फक्त पिशव्या मोजायला उघडली. बारा भरल्या.

दुपारी १. पहिली पिशवी फोडली. नुसती पाहायला.

सायंकाळी ६. फूटपाथ पूर्ण. खुलासा: 'महोदय,' इथपर्यंत.

बुधवार, ६ मार्च. दुपारी ४

इतके बरे कितीतरी दिवसांत वाटले नव्हते. एक तुकडा दुसऱ्यावर बसतो तेव्हा टक् असा आवाज होतो. सत्तावीस वर्षांत एकाही इमारतीने मला असा होकार दिला नाही.

पुस्तिकेत एकही शब्द नाही. 'तथापि' नाही, 'उपरोक्त' नाही. नुसती चित्रे आणि लाल बाण. आज घड्याळजीच्या दुकानाची फरशी झाली. काळ्या आणि दुधी फरश्या, करंगळीच्या नखाएवढ्या, तिरक्या. पंधरावी फरशी बसवली आणि लक्षात आले की मी शीळ घालतो आहे. बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

कामाला शिस्त हवी म्हणून एक पद्धत घातली आहे. पुस्तिकेचे पान सुरू करताना कोपऱ्यात लिहायचे: पाहिले, सही, तारीख. म्हणजे पुढे वाद नको.

किरकोळ घटना: पुढचे मजले कसे आहेत ते पाहायला पुस्तिका मध्येच उघडली, तेवढ्यात कोपराने कॉफीचा कप सांडला. साखर जरा जास्त होती. लगेच पुसले, पुस्तिका मिटली, वर जाड शब्दकोश ठेवला. पाने सपाट झाली. नुकसान नाही. पाहिले.

फिरायला गेलो नाही. बुटाचा नाडा.

शुक्रवार, ८ मार्च. सकाळी ९.३०

घड्याळजीच्या दुकानात सतरा घड्याळे आहेत. प्रत्येकात वेळ वेगळी. काउंटरच्या मागे, जिथे नजर जातच नाही, तिथे एक बेसिन आहे आणि बेसिनवर साबणाची वडी. साबणाची वडी म्हणजे एकच गुलाबी तुकडा, मुंगीने उचलावा एवढा. तो बसवायला वीस मिनिटे लागली. ही वीस मिनिटे मला कोणी मागितली तर मी परत देणार नाही.

बायको हॉस्पिटलमध्ये गेली, काउंटरवरच्या बाईंना भेटायला. तिची त्यांची जुनी ओळख. वाचनालयात नवीन पुस्तक आले की त्या हिच्यासाठी टेबलाखाली दडवून ठेवायच्या. ती त्यांना ताई म्हणते. मीही जाणार आहे. पण मी आत्ता गेलो तर चौकशीवर परिणाम होईल. नियम आहे. असावा.

बायको हल्ली नव्या सोफ्यावर बसत नाही. खुर्ची ओढून घेते. मणक्याला खुर्ची बरी.

रविवार, १० मार्च. दुपारी १२

मुलीचा फोन. दुसऱ्या शहरात आहे, दातांची डॉक्टर. बाबा, खुलासा दिलात का, म्हणाली. काम चालू आहे म्हटले. म्हणाली, आई सांगत होती की घड्याळजीचं दुकान उघडलंय. यांचे एकमेकींशी काय काय बोलणे होते कळत नाही. मी तिला बेसिनचे सांगितले. ती म्हणाली, बाबा, मी रूट कॅनाल करते तेव्हा आत काय केलंय ते पेशंटला कधीच दिसत नाही. मी म्हटले, अगदी तेच. तिचा सूर मात्र मला पटला नाही.

हेडक्लार्कचाही फोन, रविवार असून. बातमी अशी: टेपची नेमणूक अजून कायम झालेली नाही. तीन वर्षांची मुदत पुरी व्हायला चार महिने कमी. तिला निलंबन नाही, साहेब, तिला थेट नारळच. मी हळहळ व्यक्त केली. तो म्हणाला, ती म्हणते पोटमाळा पाहायला ती निघालीच होती, तुमचा फोन झाला आणि ती परत फिरली. मी म्हटले, कोणता फोन? तो म्हणाला, तेच समितीला कळत नाहीये.

फोन झाला असेल. फोन होतच असतात. मला दिवसाला चाळीस येतात. यायचे.

खुलासा: 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' इथपर्यंत. पाया झाला.

मंगळवार, १२ मार्च. सायंकाळी ५

आज तळमजल्यावर पहिला मजला ठेवला. घड्याळजी झाकला गेला. सतरा घड्याळे, बेसिन, साबण, सगळे आत. आता काचेला डोळा लावला तर फक्त काउंटरची कड दिसते.

बायको किती वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, हे ज्यांनी बनवलं त्यांना माहीत होतं ना, की वर मजला चढला की आतलं काही दिसणार नाही? मी म्हटले, अर्थात. म्हणाली, तरी त्यांनी साबण ठेवला.

बसवला मी. पण कौतुक पोचले. लग्नाला एकतीस वर्षे झाली, हिने माझ्या कामाचे कौतुक पहिल्यांदा केले.

पहिल्या मजल्यावर शिंपी राहणार. यंत्र, कापडाचे तागे, तीन पायांचा आरसा.

गुरुवार, १४ मार्च. दुपारी २.३०

शिंपी झाला. आता त्याच्या डोक्यावरची जमीन, म्हणजे दुसऱ्या मजल्याचा तळ. तिथे पियानो शिकवणाऱ्या बाई राहतात. पियानो काळा, झाकण उघडते. हातात घेतला तर चांगला जड लागतो.

सातव्या पिशवीत सहा लांब तपकिरी पट्ट्या उरल्या. प्रत्येक माझ्या बोटाएवढी. जादा. कंपनी जादा तुकडे देतेच, हे सर्वांना माहीत आहे. बायको भाजी निवडत बसली होती, तिने एक पट्टी उचलून बघितली. म्हणाली, आत्तापर्यंत उरले ते सगळे मुगाच्या दाण्याएवढे होते, ही केवढी आहे बघा. मी तिला समजावले की यात अनुभवाचा भाग असतो. माणूस बसवत गेला की कुठे साहित्य वाचते हे हाताला कळते. ती म्हणाली, हाताला? आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

पट्ट्या काड्यापेटीत ठेवल्या. पेटीवर लिहिले: शिल्लक.

मजल्याचा तळ जरा दबतो. प्लास्टिक आहे. नवीन असताना दबतेच.

शनिवार, १६ मार्च. दुपारी १

टेप येऊन गेली. सविस्तर लिहितो, कारण मी कसा वागलो हे नोंदलेले बरे.

अकराला बेल वाजली. हातात संत्र्यांची पिशवी. माझ्या चौकशीला आली म्हणून बरे वाटले. तर संत्री ताईंकडे न्यायची होती, वाटेत इथे आली. मी तिला सोफ्यावर बसवले. बायकोने तिला लगेच उठवून खुर्ची दिली.

टेबलावर इमारत पाहिल्यावर टेपचा चेहरा उजळला. सर, उघडलीत तुम्ही, म्हणाली. मी तिला घड्याळे सांगितली. तिला माहीत होती. म्हणाली, मी दुकानात पेटीवरची चित्रं बघूनच घेतली, बेसिन होतं म्हणून. मग सवयीप्रमाणे हात. दुसऱ्या मजल्याच्या तळावर तिने एक बोट टेकवले, अगदी हलके, आणि म्हणाली, सर, हे दबतंय. मी म्हटले, प्लास्टिक. तिने पर्समधून टेप काढून दोन कोपरे आणि मध्य मोजला. म्हणाली, मध्यात दोन मिलिमीटर खाली आहे, सर, याच्या खाली काहीतरी यायला हवं होतं. पुस्तिका हातात घेऊन पाने उलटू लागली. मी पुस्तिका काढून घेतली. म्हटले, तू पाहुणी आहेस, चहा घे.

मग ती मुद्द्यावर आली. आवाज चढवला नाही, रडली नाही, हे तिच्या बाजूने लिहितो. म्हणाली, सर, माझी चूक आहेच, मी न बघता लिहिलं, ते मी समितीला सांगितलंय. मला वाचवा असं म्हणत नाही. तुम्ही फोनवर काय म्हणालात तेवढंच लिहा. मी म्हटले, बाई, मला चाळीस फोन येतात. ती म्हणाली, सर, मी तेव्हा वाचनालयाच्या पायऱ्यांवर होते. दरवाजा समोर होता. आत जायला एक मिनिट लागलं असतं.

मी विचारपूर्वक उत्तर दिले. म्हटले, मग जायचे होतेस.

तिने संत्र्यांची पिशवी उचलली. मग बरोबर आहे सर म्हणाली आणि उठली. बायको तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली. परत यायला पंधरा मिनिटे. आमचा जिना वीस पायऱ्यांचा आहे.

टेप जाताना टेप विसरली. टेबलावर आहे.

रविवार, १७ मार्च. सकाळी ११.३०

बायको टेपची टेप परत द्यायला गेली आहे. म्हटले, उद्या ऑफिसचा शिपाई नेईल. म्हणाली, त्या पोरीला ती रोज लागते.

जाताना विचारले, फोनचं खरंच आठवत नाही? मी म्हटले, नाही. ती म्हणाली, आपण सोफा बघायला गेलो होतो त्या दिवशी. मी म्हटले, सोफा आठवतो. फर्निचरच्या दुकानात इतका गोंगाट असतो की आपण काय बोललो हे आपल्यालाच ऐकू येत नाही. ती म्हणाली, दुकानात आपण दोघेच होतो. आणि दार लोटून गेली.

मनावर घेतले नाही. सज्जाच्या कठड्याला चोवीस खांब आहेत, ते सगळे सरळ रेषेत आणायचे आहेत. ओळंब्याला दोरा आणि बटण वापरले. सरळ आले. या गोष्टीला टाळ्या वाजवणारे घरात कोणी नाही.

दुपारी २. बायको अजून आली नाही. टेप म्हणे दहा मिनिटांवर राहते.

मंगळवार, १९ मार्च. सायंकाळी ४.४५

खुलासा दिला. शेवटच्या दिवशी, पण मुदतीत. हेडक्लार्क स्वतः घरी येऊन घेऊन गेला. चार ओळी. सत्तावीस वर्षांच्या अनुभवाशिवाय चार ओळींत बसत नाही. नक्कल इथे उतरवतो:

'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, प्रस्तुत फाइलवर मी कागदोपत्री पाहिल्याची नोंद केली आहे. प्रत्यक्ष पाहणीची जबाबदारी कनिष्ठांची असून तशी त्यांची नोंद आहे. त्या वेळी काही दूरध्वनी झाल्याचे स्मरत नाही. कनिष्ठांवर विश्वास ठेवणे हा दोष असल्यास तो मी मोठ्या मनाने मान्य करतो.'

शेवटचे वाक्य तिच्यासाठी घातले. तेवढे आपण करायला हवे.

बायकोने वाचले. दोनदा वाचले. विचारले, मोठ्या मनाने? मी म्हटले, हो. तिने कागद घडीवर घडी घालून माझ्या हातात दिला आणि आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली. आता ती तिथेच जेवते. टेबलावर तसेही इमारतीमुळे जागा नाही.

गुरुवार, २१ मार्च. सकाळी १०

हेडक्लार्ककडून कळले: समिती २८ तारखेला, गुरुवारी, मला समक्ष बोलावणार. टेपलाही. त्याचे मत असे की, खुलासा साहेब भारी झालाय, त्यात पकडायला काही नाही. साबणासारखा.

एक कल्पना सुचली आहे. समितीला माणूस कागदावरून कळत नाही. मी इमारत बरोबर नेणार. टेबलावर ठेवायची, वरचे मजले उचलायचे, घड्याळे दाखवायची, बेसिन दाखवायचे. दोनशे बारा पानांची पुस्तिका, प्रत्येक पानावर पाहिले, सही, तारीख. मग मी शांतपणे विचारणार: हा माणूस हलगर्जी असेल का? यावर बोलायला काही उरत नाही.

बायकोला सांगितले. तिने मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटले भरून आले. हसत होती. हसता हसता थांबली आणि मग बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. म्हणाली, ताईंना आज पहिल्यांदा उभं केलं. चार जणांनी धरून. तुमचं विचारत होत्या, साहेबांची नोकरी जाणार का म्हणून.

बघा. त्यांनाही काळजी आहे.

आजपासून फिरायला जाणार होतो. उद्यापासून.

रविवार, २४ मार्च. दुपारी ३.१०

इमारत पूर्ण.

गच्चीवर पाण्याची टाकी, दोन कबुतरे आणि कपडे वाळत घालायची दोरी. दोरीवर एक पांढरा चौकोन आहे, तो चादर असावा. शेवटचा तुकडा म्हणजे कबुतराची चोच. बसवली. टक्.

मग अर्धा तास नुसता बसून पाहिले. खिडकीतून ऊन आले आणि शिंप्याच्या आरशावर पडले, आणि आरशातून घड्याळजीच्या पाटीवर. लहानपणी मी वहीच्या मागच्या पानावर अशाच इमारती काढायचो. त्यात आत कोण राहते तेही लिहायचो. शिंपी, घड्याळजी. ते विसरूनच गेलो होतो. टेपला मी हे सांगितले होते का? सांगितले असेल. तिने बरोबर तीच इमारत कशी शोधली कोण जाणे.

पियानोचा मजला मध्यात जरा जास्तच खाली आहे. पियानो भिंतीकडे सरकवला. आता लक्षात येत नाही.

बायकोला हाक मारली. आली, लांबूनच पाहिले. छान झालीय, म्हणाली, आणि ते खरे म्हणाली. मग म्हणाली, चार दिवस आहेत अजून. तुम्ही स्वतः सांगितलंत तर मला काही सांगावं लागणार नाही.

मी विचारले, कशाबद्दल? ती म्हणाली, राहू दे.

बायकांना अर्धवट बोलायची सवय असते.

मंगळवार, २६ मार्च. सकाळी ९

बायको पहाटेच आवरून गेली. चांगली साडी. हॉस्पिटलसाठी चांगली साडी कशाला, विचारले. म्हणाली, ताईंकडे संध्याकाळी जाईन. मग आत्ता कुठे, हे विचारायचे राहिले. मी तेव्हा इमारतीसाठी खोका शोधत होतो.

टीव्हीचा खोका बसत नाही. मिक्सरचा अरुंद.

समितीसमोर बोलायचे मुद्दे काढले. १. घड्याळे. २. बेसिन. ३. माझी सेवा. तिसरा मुद्दा वेळ उरला तर.

बुधवार, २७ मार्च. दुपारी १२.१५

बायकोने काल समितीपुढे जबाब दिला. हेडक्लार्कने फोनवर दुजोरा दिला, आणि दोनदा सॉरी साहेब म्हणाला.

मी म्हटले, माझ्या बाजूने? तो म्हणाला, साहेब, वाचून दाखवू का, पण मी दाखवलं असं म्हणू नका.

तिने सगळे दिले आहे. फर्निचरचे दुकान, दिवस, दुपारचे साडेबारा. सोफ्याचा रंग. मी सोफ्यावर बसून स्प्रिंग कशी आहे ते पाहायला दोनदा उडी घेतली, तेही. आणि उडी घेता घेता फोनवर म्हणालो ते वाक्य, जसेच्या तसे: अगं, त्यात बघायचंय काय, पोटमाळा तर पोटमाळा, लिही पाहिले आणि मोकळी हो, म्हणजे मीही मोकळा. खाली तिने लिहिले आहे की, हे मी स्वतः ऐकले. त्या वेळी मी हसले, याची मला लाज वाटते.

हेडक्लार्क म्हणाला, सोफ्याचा रंग कशाला लिहायचा, साहेब? आता कोणी शंकाच घेणार नाही.

तिचे वाक्य चुकीचे आहे असे मी लिहिणार होतो. पण पोटमाळा तर पोटमाळा, हे मी म्हणतो. ही माझी बोलण्याची लकब आहे. शेजारीपाजारीसुद्धा ओळखतील.

दुपारी ३.४०

मायक्रोवेव्हचा खोका सापडला. मापाचा.

इमारत उचलली. दोन्ही हातांनी, खालून, नीट. दाराच्या चौकटीपर्यंतही गेलो नव्हतो. आधी काही आवाज नाही, नुसते हाताला कळले. मग पियानो खाली गेला, शिंप्याच्या मजल्यातून, कापडाच्या ताग्यांसकट, आणि घड्याळजीच्या काउंटरवर जाऊन थांबला. बाहेरच्या भिंती उभ्याच. बाहेरून पाहिले तर इमारत ठणठणीत आहे. खिडकीतून पाहिले तर शिंपी आडवा. यंत्र त्याच्या कमरेवर.

सतरा घड्याळांपैकी नऊ सापडली. साबण सापडत नाही.

दुपारी ४.३०

पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून पाहिली. सगळीकडे माझ्या सह्या. एकशे सतरा, सही. एकशे वीस, सही. मध्ये एक पान जाड लागले. नखाने सोडवले तर कॉफीचा गोल डाग, आणि डागाखाली एकशे अठरा आणि एकशे एकोणीस. लाल बाण. सहा लांब तपकिरी पट्ट्या, पियानोच्या जमिनीखाली, एकीशेजारी एक. त्यांच्यावर सगळा वरचा मजला.

काड्यापेटी उघडली. सहाच्या सहा आहेत.

मी बराच वेळ त्या दोन पानांकडे पाहत बसलो. चित्र सोपे आहे. दोन वर्षांच्या मुलालाही कळेल. पाने उलटायला एक मिनिट लागले असते. हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकले आहे.

मग दोन्ही पानांच्या कोपऱ्यात लिहिले: पाहिले, सही, तारीख. तारीख १४ मार्चची टाकली.

सायंकाळी ५.३०

बायको येऊन गेली. मोडलेली इमारत पाहिली. वाकून जमिनीवरून एक गुलाबी तुकडा उचलला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. साबण. मी म्हटले, तू मला विचारायचे होतेस. म्हणाली, तीनदा विचारलं. मोजले तर बरोबर आहे. मग तिने चार कपडे बॅगेत भरले. उद्या ताईंना घरी सोडणार आहेत, त्यांच्याकडे कोणी नाही, काही दिवस ती तिथे राहणार. काही म्हणजे किती, विचारले. म्हणाली, त्यांना जिना चढता येईपर्यंत. मग दारातून म्हणाली, त्यांचा जिना चाळीस पायऱ्यांचा आहे.

उद्या अकराला समिती. इमारत नेणार नाही. हेडक्लार्ककडून कळले की आधी टेपला बोलावतील, मग मला. आणि मला एकच प्रश्न विचारायचे ठरले आहे: तुम्ही नेमके काय पाहिले? उत्तर एका ओळीचे आहे. चहा घेतला की लिहायला बसतो. चहाची पूड कुठल्या डब्यात असते ते आधी पाहायला हवे.